चौसष्टावा हात

एका माणसाला एकच पद देणं हा त्या माणसावर आणि त्या पदावर, दोघांवरही अन्याय आहे. जगाला हे अजून पुरतं उमगलेलं नाही. आमच्या केर्मेलेक गावाला मात्र ते अकरा वर्षांपूर्वी उमगलं, आणि तेव्हापासून आमच्याकडे भांडणं जवळजवळ बंद आहेत. (भांडायला निदान दोन माणसं लागतात.)

मस्यू लोइक त्रेवेदिक यांची कारकीर्द सार्डीन माशांपासून सुरू झाली. डबाबंद सार्डीनचा कारखाना त्यांनी सासऱ्यांकडून स्वकष्टाने मिळवला. मग गावच्या फुटबॉल क्लबला जर्सी दिल्या, जर्सीवर मासा छापला, आणि छातीवर मासा आला म्हटल्यावर त्यांना क्लबचं अध्यक्ष करणं ओघानेच आलं. त्या वर्षी संघ एक सामना जिंकला, म्हणून ते महापौर झाले. ते महापौर झाल्यावर संघ हरतच सुटला, तेव्हा जिल्हा फुटबॉल मंडळाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. हरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकायला अनुभवी माणूस हवा होता.

मी तुग्दुआल, क्लबचा चिटणीस. सत्तावीस वर्षं इतिवृत्त लिहितोय. चार अध्यक्ष पाहिले, पण कामातली अशी शिस्त दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

आता मैदानाचंच घ्या. कालव्याकाठचं मैदान नगरपालिकेचं, वापर क्लबचा. यंदा कारखान्याला शीतगृहासाठी नेमकी तीच जागा हवी झाली. दुसरा कोणी असता तर त्याने आरशासमोर उभं राहून विषय संपवला असता. आमच्या साहेबांनी कारखानदार या नात्याने महापौरांना रीतसर पत्र लिहिलं, पोचपावतीसह रजिस्टर केलं, आणि महापौराचा तिरंगी पट्टा खांद्यावरून घेऊन ते स्वीकारायला स्वतः नगरपालिकेत जाऊन बसले. पत्र वाचलं आणि तडक परत पाठवलं! का, तर शेवटी ‘माझ्या अत्यंत आदराच्या भावनांचा स्वीकार व्हावा’ असं लिहायचं सोडून नुसतं ‘आदराच्या भावनांचा’ लिहिलं होतं.

“महापौराला असं लिहितात होय रे?” ते मला म्हणाले. रागाने लालबुंद झाले होते. आठवडाभर ते स्वतःशी बोलत नव्हते.

पुढे माफीचं पत्र आलं, ते त्यांनी मोठ्या मनाने स्वीकारलं. मग क्लबचे अध्यक्ष म्हणून त्यांनी महापौरांकडे कडक शब्दांत हरकत नोंदवली. (मसुदा माझा, कडकपणा त्यांचा.) तडजोडीची बोलणी दुपारच्या जेवणावर झाली. शिंपले दोघांपुरते मागवले होते, ते संपले, आणि अध्यक्षांचं समाधान झालं.

या सगळ्यात एकच व्यक्ती एकाच बाजूला अडून बसली होती. मारीवॉन. तीस वर्षं मैदानावर चुन्याच्या रेषा मारते, जर्सी धुते आणि पंधरा वर्षांखालच्या मुलींना शिकवते. तिच्या मुली यंदा पहिल्यांदाच प्रांताच्या उपांत्य फेरीत गेल्या. (पुरुषांच्या संघाबद्दल इतिवृत्तात ‘प्रयत्न चालू आहेत’ असं लिहायची प्रथा आहे.) दुसरं मैदान एकोणीस किलोमीटरवर, आणि तिकडे शाळा सुटल्यावर बस नाही. म्हणजे मैदान गेलं की संघ गेला, इतकं ते सरळ होतं.

“तुग्दुआल, पोरींना काय सांगू? गोठवलेल्या माशांतून पास द्या म्हणून?” ती मला म्हणाली.

मी म्हणालो, “अगं, सभा आहे ना. लोकशाही आहे आपल्याकडे.”

“तीच तर भीती आहे मेल्या.”

आमची लोकशाही एका प्रथेवर उभी आहे: विषयपत्रिका संपल्याशिवाय बाटली उघडायची नाही. वार्षिक सभेत चौदा विषय होते. मैदान कारखान्याला देण्याचा ठराव चौदावा. एकट्या तिसऱ्या विषयाला, म्हणजे कोपऱ्यातल्या झेंड्यांच्या रंगाला, पन्नास मिनिटं लागली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट सभासद हजर. मागच्या टेबलावर गार पांढरी वाइन, काळ्या मनुकांसारख्या फळांचा गोड अर्क आणि साहेबांच्याच सार्डीन लावलेले पावाचे तुकडे मांडलेले. बाराव्या विषयापर्यंत निम्म्या लोकांनी खुर्च्या टेबलाकडे वळवल्या होत्या.

तेराव्यानंतर मारीवॉन चार पानी भाषण घेऊन उभी राहिली. सभागृहातून असा उसासा निघाला की माझे कागद हलले.

“थांब मारीवॉन!” साहेब उठले. त्यांचा आवाज भरून आला होता. “आधी प्याले भरा रे सगळ्यांचे. जिने तीस वर्षं आपल्यासाठी चुना मारला, तिला कोरड्या घशाने ऐकायचं? लाज वाटली पाहिजे आपल्याला!”

मंडळींना इतकी लाज वाटली की दोन मिनिटांत सगळे प्याले भरले.

“मारीवॉनच्या नावानं!” साहेब ओरडले. सगळे प्याले वर गेले. “आणि चौदाव्या विषयाच्या नावानं! हात वरच ठेवा मंडळी, तुग्दुआल मोजतोय!”

आता आमच्याकडे प्याला उंचावला की प्रत्येकाच्या डोळ्यांत बघितल्याशिवाय खाली आणत नाहीत, आणला तर मोठा अपशकुन मानतात. त्रेसष्ट माणसांना एकमेकांच्या डोळ्यांत बघायला वेळ लागतो. मी आरामात मोजलं. मारीवॉनचा हातही वरच होता. बिचारीच्याच नावाचा प्याला, ती तरी काय करणार?

“चौसष्ट,” मी वाचून दाखवलं.

मारीवॉनने प्याला खाडकन टेबलावर ठेवला. “किती म्हणालास? सभासद त्रेसष्ट आणि हात चौसष्ट? अहो साहेब, तुमचे दोन्ही हात वर होते! एकात प्याला, एकात बाटली! कलम नऊ काढ रे तुग्दुआल. मतं सभासदांपेक्षा जास्त भरली की ठराव रद्द!”

कलम नऊ खरंच तसं होतं. लोक खो खो हसले. मीही हसलो, आणि खोटं कशाला बोलू, सत्तावीस वर्षांत सभेत इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

प्रकरण जिल्हा मंडळाकडे गेलं. तिथे अध्यक्षांनी (आता पट्ट्याऐवजी करडा कोट) दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या आणि निकाल दिला. बाटली धरलेला हात वाइन वाढत होता, मत देत नव्हता. सबब चौसष्टावा हात त्रेवेदिक यांचा नाही. तो अन्य कोणाचा तरी आहे. चिटणिसाने पंधरा दिवसांत त्याचा मालक शोधावा. सापडल्यास सभासद चौसष्ट आणि ठराव कायम; न सापडल्यास ठराव रद्द, मैदान क्लबकडेच. अतिशय निःपक्ष निकाल. महापौरांनी अध्यक्षांचं पत्राने अभिनंदन केलं, या वेळी ‘अत्यंत’ न विसरता.

“शोधू नकोस,” मारीवॉन मला म्हणाली. “पंधरा दिवस आजारी पड. तुझ्या पाया पडते.”

मी आजारी पडलो. चौदा दिवस गादीवर काढले, सूप प्यायलो, मन अगदी प्रसन्न होतं. पण काल साहेब सफरचंदाचा केक घेऊन भेटायला आले आणि जाताना उशाशी कलम अकरा ठेवून गेले. कलम अकरा मानद सभासदांचं आहे. अर्ज नको, सही नको, गावात राहायची अट नाही. ज्याने क्लबचा कारभार सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि हरकतीचा एकही शब्द काढला नाही, तो आपोआप सभासद होतो, मागील तारखेपासून.

आज पंधरावा दिवस. खिडकीतून मुलींचा सराव दिसतोय. मारीवॉन शिट्टी फुंकतेय. मी मुद्दाम हे सगळं सविस्तर सांगितलं. वाटलं, लांबण लावली तर तुम्ही कंटाळून मधेच उठून जाल, किंवा शिंपल्यांपाशी तरी म्हणाल, “हे काय चाललंय हो?” मनापासून इच्छा होती माझी तशी. पण तुम्ही छान बसून राहिलात, हसलातही.

तेव्हा तुमचं नाव पूर्ण लिहू, की आद्याक्षरं चालतील?