अत्तर लावून शिकारीला

शिकारीला निघण्याआधी जब्बारचाचा अत्तर लावतात. कानामागे, मनगटावर आणि बोटाला उरलेलं बंदुकीच्या पट्ट्यावर. आमची मागची खिडकी त्यांच्या अंगणात उघडते, म्हणून हे मला दिसतं. रानातल्या जनावराला वास फार लांबून कळतो, असं मी कुठंतरी वाचलं होतं. एकदा धीर करून मी त्यांना ते सांगितलं.

"हाव बेटा," ते म्हणाले, "लई तेज नाक असतं त्याचं."

आणि अजून थोडं अत्तर लावलं.

हदगावात बसस्टँडजवळ त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. बंदूक वडिलांची, परवाना आता त्यांच्या नावावर. आमच्याकडे रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं उभं सोयाबीन साफ करतात, त्यामुळे शेतकरी चाचांकडे येतात. चाचा कुणाला नाही म्हणत नाहीत. "मारतो की. फॉरेस्टचा कागद येऊ द्या." तो कागद यायला इतके दिवस लागायचे की तोवर कळप दुसऱ्या शिवारात गेलेला असायचा. एखादा वेळेवर आलाच, तर चाचा अत्तर लावून, खोकत खोकत जायचे आणि बार काढून परत यायचे. "जरासा चुकला." गावात त्यांना मागून सगळे 'जरासा'च म्हणतात.

मग नियम सैल झाले. आज अर्ज केला की उद्या कागद हातात. चाचा नव्या नियमाची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आले. मी इंग्रजी शाळेत शिकले म्हणून मला कायदा कळतो, अशी त्यांची समजूत आहे. खरं तर सरकारी मराठी मला त्यांच्याहून कमी कळतं.

"यात कुठं 'परंतु' हाय का बघ."

"तीन आहेत, चाचा."

"शाब्बास! काय म्हणतात?"

एक होतं मारलेलं जनावर फॉरेस्टच्या ताब्यात देण्याबद्दल, एक पंचनाम्याबद्दल. तिसरं मी चार वेळा वाचलं, तरी कळलं नाही. चाचांनी त्या तिसऱ्यावर फार आशा ठेवली. मी ते पाचव्यांदा वाचलं. त्यातही काही निघालं नाही.

गावात तर वेगळाच घोळ. सैल झालं होतं ते रोही आणि डुकरांपुरतं. लोकांनी अर्थ काढला की शिकार खुली झाली. बांधाबांधावर फासे लागले. तितर आणि ससे कापडी पिशव्यांतून घरोघर फिरू लागले. चाचा दुकान बंद करून झेरॉक्ससकट पारावर गेले.

"यात तितराचं नाव दाखवा. दाखवा ना!"

"राहू द्या चाचा," कुणीतरी म्हणालं, "आमचं बी जरासं चुकलं."

पार हसला. त्या हिवाळ्यात आमच्या शेताकडे तितर ओरडल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या पावसाळ्यात रोह्यांचा कळप आमच्याच सोयाबीनमध्ये बसायला लागला. माझे पप्पा शाळेत शिक्षक आहेत. एवढं चिडलेलं मी त्यांना वर्गातही पाहिलं नव्हतं.

"जब्बारभाई, आता चुकायचं न्हाई. बाकीचे बाहेरून नेमबाज बोलावून राहिलेत. ते अख्खा कळप लोळवतील."

चाचांनी हातातलं मनगटी घड्याळ खाली ठेवलं.

"एक पडला तर कळप हे शिवार सोडतो, गुरुजी. मग त्यांना बोलावणार न्हाई ना?"

"न्हाई. मी सांगतो सगळ्यांना."

सकाळी आम्ही तिघं शेतात गेलो. कागद माझ्या हातात, कारण तो वाचायची वेळ आली तर मी हवी होते. चाचांनी त्या दिवशी अत्तर लावलं नव्हतं. रोही इतके लांब होते की मला ते आधी झुडपं वाटले. एकच बार झाला. एक मोठा नर खाली बसल्यासारखा पडला आणि बाकीचा कळप ओढा ओलांडून गेला.

"अरे!" पप्पा म्हणाले. "म्हणजे तुम्हाला येतं!"

पप्पा पंचनाम्यासाठी फॉरेस्टवाल्यांना आणायला गाडीवरून गेले. जाताना त्यांनी चाचांचा हात दोन्ही हातांनी दाबला. आमचं सोयाबीन वाचलं होतं आणि बहुतेक कळपही. मला आनंद व्हायला हवा होता. नक्की काय होत होतं, ते मला कळत नव्हतं.

चाचा रोहीच्या डोक्याशी मांडी घालून बसले आणि रुमालाने त्याच्या डोळ्यांवरच्या माश्या उडवू लागले.

"ऊन आहे, चाचा. लिंबाखाली बसा ना."

"कोणीतरी जवळ बसाया लागतं, बेटा. त्याच्याकडचं कोणी थांबलं न्हाई."

रुमाल हलत राहिला.

"माझी दोन्ही पोरं हैदराबादला हायेत," ते म्हणाले. "यायला सात घंटे लागतात."

मी कागद ओढणीत धरला आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसले.