न्हाणीघराचा कोपरा कोरडा जाला त्याची हकीकत

श्रीहरीस दंडवत, हरिदासांचे चिपळ्यांस नमन, आणि श्रोत्यांस पुढे सरकोन बसावयाची विनंती करून लिहिले ऐसे जे: शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, एके राज्यात राजमाता आईसाहेब वाड्याचे वरले मजल्यावर राहात होत्या आणि त्यांचे गुडघे धरले होते. टबात ऊन पाण्यात घटकाभर बसल्या तर जिना उतरोन दिवाणखान्यात कीर्तनास येत. न बसल्या तर वरच अडकत. आणि टब नेमका दिवाणखान्याचे माथ्यावर. टबाशी दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यातून पाणी झिरपोन, एके एकादशीस अनंतबुवा कीर्तनास उभे असता, थेंब नीट पागोट्यावर पडला. बुवा वर पाहोन बोलिले, "गंगा माथ्यावर धरावयास आम्ही काही शंकर नव्हे, साधे हरिदास!" श्रोते हसले. आईसाहेब हसल्या नाहीत.

मग राखमाजी गवंडी यांस पाचारण जाले. न्हाणीघराच्या टायली त्यांच्याच हातच्या, आणि स्वतः कीर्तनाचे वेडे, झांज घेऊन बुवांचे मागे उभे राहणारे. आपले काम बुवांचे डोकीवर गळते हे ऐकोन त्यांस अन्न गोड लागेना. भिंती काटकोनात नव्हत्या, म्हणोन त्यांनी कोपऱ्यातील प्रत्येक टाईल निराळी मोजून तिरकी कापली, आणि सांधा दिसू नये म्हणोन घट्ट भिडवून पांढरे सिमिट भरले. आईसाहेबांचा नेम ऐसा की, दुरुस्तीउपरांत टबात पहिले पाणी त्यांचे सोवळ्याचे स्नानाचे. तोवर टब पुसोन कोरडा. तैसेच केले, स्नान जाले, आणि सिमिटास चीर गेली. मग फट राखोन रबरासारखे ताणणारे सिलिकॉन भरले, तेही स्नान होताच टबापासोन सुटले, आणि थेंब या खेपेस मृदंगावर पडला.

कारभारी चिमणाजीपंत तापले. "राखमाजी, आता गळाले तर टब काढवून अंगणात म्हशीस पाणी पाजावयास ठेवीन!"

"ठेवा पंत, म्हैस सुखी होईल. पण आईसाहेब वरच राहतील हो."

आणि राखमाजी कोपऱ्याशी जाऊन बसले, तो आईसाहेब काठी टेकीत आल्या. "काय रे, मूर्तीपुढे बसल्यासारखा बसलास?"

"आईसाहेब, टब रिकामा असता सांधा सुतभर हालत नाही. आपण स्नान केले की सुटतो. माझे हातासच काही दोष लागला म्हणावे."

आईसाहेब बोलिल्या, "माहेरी मी विहिरीचे पाणी आणीत असे. रिकामे घागरीखाली डोकीवरली चुंबळ फुगोन राही, घागर भरली की दबे. तुझा टब भरला की खाली बसत नसेल ना?"

राखमाजींनी कपाळावर हात मारिला. "म्हणजे भरल्या टबाशी सांधा धरावयाचा! पण मग आधी पाणी भरावे लागेल. आपला नेम?"

"नेम माझाच आडवा आला म्हणावयाचा," आईसाहेब बोलिल्या, "भर काठोकाठ. सोवळ्याचे मी आणि माझा देव पाहून घेऊ. तू कोपरा पाहा."

आणि टब भरला, आणि भरता भरता खाली बसला, आणि काठाशी फट रुंदावली ती दोघांनी डोळ्यांनी पाहिली. मग राखमाजींनी उभा कोपरा आणि टबाचा काठ सिलिकॉनाने भरोन, साबणाचे बोट फिरवोन निपटला, आणि वाळेतो पाणी तैसेच ठेविले. तोवर आईसाहेब तापविल्या विटेने गुडघे शेकीत राहिल्या.

पुढले एकादशीस आईसाहेब टबात बसोन, जिना उतरोन, पुढले रांगेत विराजल्या. बुवा छत्री बगलेत मारूनच उभे राहिले. "देवावर भरवसा आहे, गवंड्यावर पाहतो!" परंतु कीर्तन रंगले आणि छत्री कधी गळोन पडली ते बुवांसही कळले नाही. राखमाजी झांज वाजवीत, नजर छताकडे. इतक्यात मनगटावर टपकन थेंब पडला. वर पाहिले तो छत खडखडीत कोरडे. गालास हात लाविला, तो ओला.

येणेप्रमाणे कोपरा कोरडा जाला, कीर्तन चालते राहिले, आणि टब भरल्यावाचून सांधा न भरावा ऐसी चाल त्या राज्यात पडली. ऐकिले त्यांचे कल्याण असो. हरि हरि म्हणावे.