मैत्रीचं दार

माणसाचं निम्मं दुःख परिस्थितीमुळे असतं आणि निम्मं ती बोलून दाखवल्यामुळे. पहिलं घालवायला खर्च येतो, म्हणून अभ्यासक्रमात दुसरं घेतलं आहे.

रनाळे गावाच्या अलीकडच्या एका शाळेतल्या रोहिणी मॅडम याचं रीतसर प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या (जेवण चांगलं होतं). दर शनिवारी सहावी ते आठवीच्या मुलांनी आपला एकेक नकारात्मक विचार सांगायचा आणि मॅडमनी त्याला सकारात्मक वळण द्यायचं. गणिताला शिक्षक नाही, ही स्वावलंबनाची संधी ठरली. पंखा बंद, म्हणजे एकाग्रता. खिचडी पातळ, म्हणजे पचायला हलकी. मुलं भराभर आनंदी होत होती. निदान बोलायची तरी थांबली होती.

मग सातवीतली मयूरी उठली. "मॅडम, पोरीस्ना संडासले कडी नही शे. म्हनीसन मी दिवसभर पानीच पेत नही."

तिला दोनदा उन्हाळी लागून लघवीला जळजळ झाली होती. दिवाळीपर्यंत कडी बसली नाही तर पोरीला घरी बसवीन, असं आईनं बजावलं होतं. मॅडमचं प्रशिक्षण ताजं होतं. त्या म्हणाल्या, "बाहेरून मैत्रीण दार धरते ना? याला विश्वास म्हणतात."

मुख्याध्यापक चुनीलाल सरांनी हे ऐकलं आणि 'मैत्रीचं दार' हा उपक्रम सुरू झाला. फोटो निघाले, तालुक्यात पहिला नंबर आला. पलीकडच्या एका शाळेत कडी होती, ती तिथल्यांनी उपक्रमासाठी काढून टाकली म्हणतात (ऐकीव माहिती, पण फोटो चांगले आहेत).

मॅडमना स्वतःची लाज वाटली. पारसमलशेठच्या दुकानातून त्यांनी पदरच्या पैशानं कडी आणली, स्क्रूसकट. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, कडी बसली तर उपक्रम कुठला राहायला? जिल्ह्याची समिती येऊन जाऊ द्या."

समिती दिवाळीनंतर आली. जिच्यामुळे उपक्रम सुचला त्या मुलीला भेटायची समितीतल्या साहेबांची इच्छा होती. मयूरी तेव्हा आईबरोबर कापूस वेचायला गेली होती.

"ती आता घरीच असते," सर म्हणाले. "पाणी भरपूर पिते."

समितीला समाधान वाटलं. मॅडमना रडू आलं; ते आनंदाश्रू धरण्यात आले.

वाचकांपैकी कुणाला हे वाचून वाईट वाटलं असेल, तर काळजी नसावी. पान उलटलं की बरं वाटतं. आपल्याला ते कुणी शिकवावं लागलेलं नाही.