सबनीस सरांचं अळू

पहिल्यांदा घरी आलेला पाहुणा बाथरूम कुठे आहे ते विचारतो. डॉ. सबनीसांनी हॉट प्रेस कुठे आहे ते विचारलं.

आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात आणि गरम पाण्याच्या टाकीभोवतीच्या कपाटाला हॉट प्रेस. त्यात टॉवेल ठेवतात. सरांनी दार उघडलं, खालच्या फळीवर तळहात टेकवून डोळे मिटले आणि म्हणाले, "ग्रँड! पेशंटची सोय झाली."

पेशंट म्हणजे अळूचे कंद. सर लेटरकेनीच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. माझी बायको मीनल तिथेच डॉक्टर. मी घरून कॉम्प्युटरवर काम करतो, म्हणजे गावात माझी ओळख 'डॉक्टरांचे मिस्टर' एवढीच. त्यामुळे सरांनी आमचं घर निवडलं याचा मला केवढा अभिमान वाटला! त्यांच्या नव्या घरात हॉट प्रेसच नाही आणि बाकी सगळ्यांनी नकार दिलाय, हे मागाहून कळलं.

तसा उन्हाळ्यापासूनच मी त्यांच्या सेवेत होतो. अळू त्यांच्या परसात, कुंड्यांमध्ये. वारा सुटला की हॉस्पिटलातून फोन यायचा, "देसाई, जरा आडोसा करा हो." मी गाडी काढून जायचो आणि छत्री धरून उभा राहायचो. एकदा शेजारच्या आजीबाई अळूला रुबार्ब, म्हणजे तिकडची आंबट दांड्यांची भाजी, समजून क्रम्बल नावाच्या गोड पदार्थासाठी दोन दांडे कापायला आल्या. सर कुंडीसमोर हात पसरून ओरडले, "नो, नो! इट विल कॅच युवर थ्रोट!" आजीबाईंनी स्वतःचाच गळा धरला आणि घरात पळाल्या.

थंडीनं पानांनी माना टाकल्यावर सरांनी कंद उपसले, सुकवले आणि लाकडाच्या भुशात घालून बुटांच्या खोक्यात भरले. खोका आमच्याकडे आला. "एप्रिलपर्यंत हात लावायचा नाही. पाणी पाजायचं नाही. झोपू द्यायचं."

मी हुकूम शिरसावंद्य मानला. टॉवेल गारठलेल्या खोलीत हलवले. मीनलनं आंघोळीनंतर आरडाओरडा केला, तेव्हा मी म्हणालो, "हळू बोल, पेशंट झोपलेत." मला कुठल्या विभागात दाखवावं, याचा ती विचार करत असावी.

दर रविवारी दुपारी सर स्वतः तपासणीला यायचे. खोका मांडीवर घ्यायचे, भुशात बोटं घालायचे, "ग्रँड" म्हणायचे. मग चहा. मग गप्पा, अंधार पडेपर्यंत. कंदांसाठी एवढी निष्ठा! मी थक्क व्हायचो.

मार्चमध्ये हॉट प्रेसमधून वास यायला लागला. खोका उघडला तर आत काळा लगदा. मी हादरलो. रविवारी सर दारात आल्या आल्या म्हणालो, "सर, वाईट बातमी आहे. सगळे गेले."

"हो," सर म्हणाले. "नाताळातच गेले."

"तुम्हाला ठाऊक होतं? मग दर आठवड्याला तपासत काय होतात?"

सर वाकून चपलांच्या स्टँडवरचा एक जोड सरळ करू लागले.

"कंद आहेत म्हणून यायला कारण होतं, देसाई. गेले म्हणून सांगितलं असतं, तर पुढच्या रविवारी काय सांगून आलो असतो?"

मीनल आतून म्हणाली, "सर, पिठलं टाकलंय. जेवूनच जा."

सगळा हिवाळा सर आमच्याकडे कोट अंगावर ठेवूनच बसले होते, निघायच्या तयारीत. मी हात पुढे केला. त्यांनी एकेक बटण सोडवलं आणि कोट माझ्या हातात दिला.