चुडाव्याचा सामायिक बिल्ला

चुडाव्याच्या स्टेशनाबाहेर तीन दुकानं, आणि सुट्टे नसले की तिघांच्या तीन चिठ्ठ्या. चांगुणाबाईंची चहाची, पप्पूची दाढीची, गिरणीवाल्या तात्यारावांची दळणाची.

"समद्यांचा एकच बिल्ला काढू," तात्याराव म्हणाले. "युरोपात वीसेक देश एकच पैसा चालवायलेत."

"चालवू द्या. माझ्या चिठ्ठीला आजवर कुणी नाव ठेवलं न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या. पण एकटं पडायला कुणाला आवडतं? शेवटी त्या तयार झाल्या. जुन्या लग्नपत्रिका कापून, शिक्का मारून पाच-पाच रुपयांचे बिल्ले झाले. शाईचा पॅड पप्पूकडं होता, म्हणून शिक्काही त्याच्याच सलूनात राहिला. इथंच माशी शिंकली.

पप्पूनं पाटी लावली : कटिंगवर दोन बिल्ले फुकट. गिऱ्हाईक डोकं हलकं करायचं आणि थेट चहाला यायचं. आठवड्यात चांगुणाबाईंचा डबा बिल्ल्यांनी भरला आणि गल्ला रिकामा झाला.

दूधवाल्या बजरंगनं कॅन खाली ठेवलाच नाही. "मावशी, म्हशीला बिल्ले चारू का? उद्यापासून रोख."

दूध नाही तर दुकान नाही. चांगुणाबाईंची वीस वर्षांची चूल एका शिक्क्यापायी विझणार होती. करायचं पप्पूनं आणि निस्तरायचं आपण! त्यांचं डोकं फिरलं, आणि फिरलेलं डोकं बरोबर चाललं.

"बजरंग, परवा तुझ्या पोराची हळद ना? वऱ्हाडाच्या दाढ्या कुठं करतूस?"

"पप्पूकडंच की."

"अन् दळण?"

"तात्यारावांकडं," म्हणता म्हणता बजरंगची नजर बिल्ल्यांच्या डब्यावर गेली. मग त्यानं डबा उचलला आणि कॅन खाली ठेवला.

हळदीच्या दिवशी पप्पूच्या दारात तीस दाढ्या उभ्या राहिल्या, आणि प्रत्येकाच्या हातात त्याच्याच शिक्क्याचे बिल्ले. संध्याकाळी तो हात चोळत आला. "मावशी, चहा द्या. बिल्ले लय हायेत आता."

"फुकट वाटले तेवढे आधी चुलीत टाक. शिक्का हितं ठेव. मग चहा."

पप्पूनं मोजून बिल्ले चुलीत टाकले. शिक्का साखरेच्या डब्यामागं गेला, आणि चांगुणाबाईंनी त्याला आलं घातलेला चहा दिला. आपल्याच गावचं लेकरू ते.

महिनाभरात बजरंगही बिल्ल्यावर दूध घालू लागला. एकदा तात्याराव धापा टाकत आले. "चांगुणाबाई, पलीकडल्या पूर्णा स्टेशनाचे दुकानदार इचारायलेत, बिल्ल्यात आमाला बी घेता का?"

चांगुणाबाईंनी चहा गाळला, चार कप भरले.

"घेऊ की. पण शिक्का चुडाव्यातच राहील म्हणावं."