शून्य चुकांचा प्रोग्राम

आख्खी नोकरी छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेल्यामुळे आपल्या हातूनही चूक होऊ शकते, ही कल्पना प्रूफकाकांना कधी शिवलीच नाही! निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या बाजारातून एक म्हातारा होम कॉम्प्युटर उचलून आणला. कीबोर्ड हाच कॉम्प्युटर, आणि पडद्याला घरातला डबडा टीव्ही. हे सगळं बिऱ्हाड जेवणाच्या टेबलावर थाटलं गेलं आणि घरची माणसं ताट मांडीवर घेऊन जेवू लागली.

काकूंनी शेवटी निर्वाणीचं सांगितलं. रविवारी सुनेचे आईवडील जेवायला येणार. तोवर हे यंत्र एकही चूक न दाखवता चाललं, तर टेबल त्याचं. नाहीतर ते माळ्यावर.

"रविवार कशाला? शनिवारीच दाखवतो," काका म्हणाले.

पडद्यावर चेंडू उडवायचा, एवढंच काम. काकांनी ते असेम्ब्लीत, म्हणजे थेट यंत्राच्या मातृभाषेत लिहिलं होतं. चेंडूच्या टप्प्याचा एक मॅक्रो केला होता. मॅक्रो म्हणजे एकदा कृती लिहून ठेवायची आणि मग हवी तिथे तिचं नुसतं नाव घ्यायचं. काकांनी नाव चाळीस ठिकाणी घेतलं आणि यंत्राने चाळीस चुका दाखवल्या.

काका हसले. असल्या छप्पन्न प्रुफांना त्यांनी पाणी पाजलं होतं. त्यांनी स्वल्पविराम हलवले, आकडे बदलले, यंत्राला दोन शब्द सुनावलेही. शनिवार उलटला, चुका चाळीसच!

रविवारी पाहुणे दारात आले, तेव्हा काकांची नजर मॅक्रोच्या शेवटच्या ओळीवर पडली. तिथे 'संपलं' असं होतं. प्रोग्रामच्या तळाशीही 'संपलं' होतंच. एका मजकुराला दोन शेवट? उघड उघड द्विरुक्ती! त्यांनी वरची ओळ उडवली. चुका: शून्य.

काकांनी पाहुण्यांना पाणीसुद्धा पिऊ न देता टीव्हीपुढे बसवलं आणि बटण दाबलं. पडदा काळा तो काळाच. विहीणबाई बराच वेळ बघून म्हणाल्या, की छान आहे, शांत आहे.

सून कॉम्प्युटरच्याच धंद्यातली. तिने वाकून पाहिलं. "बाबा, कृती कुठे संपते ती ओळच तुम्ही काढलीत. यंत्राने खालचा सगळा प्रोग्राम कृती म्हणून नुसता वाचून ठेवला. केलं काहीच नाही, मग चुकणार काय?"

दुसऱ्या कोणी मान खाली घातली असती. काकांनी बोट वर केलं. अट चूक न दाखवण्याची होती, चेंडूचा त्यात उल्लेख नव्हता. तेव्हा टेबल आपलंच.

काकूंनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत पोटभर वाढलं. मग एक ताट आणून काकांच्या पुढ्यात, कीबोर्डशेजारी ठेवलं. घासून लख्ख केलेलं, रिकामं.

"कृती मलाही तोंडपाठ आहे," त्या म्हणाल्या. "बघा, ना खारट, ना करपलेलं. चूक दिसली तर सांगा."

काकांनी सवयीने चष्मा पुसून ताट या काठापासून त्या काठापर्यंत तपासलं. एकही चूक सापडली नाही. मग ते मुकाट्याने उठले आणि माळ्यासाठी शिडी आणायला गेले.