आपुलकीसाठी शांतता राखा

समाज जोडायचा असेल, तर आधी कोणाशीच ओळख नसलेला माणूस शोधावा लागतो.

आमच्या सिंधीपुऱ्यातल्या गल्लीच्या समितीला हे वेळेवर कळलं, याचं मला कौतुक आहे. समितीला ‘आपुलकी’ नावाचा पॉडकास्ट काढायचा होता (ओट्यावर बसून जे सहज ऐकू येतं, ते मोबाइलवर ऐकणं म्हणजे पॉडकास्ट). मुलाखती घ्यायला जुना रहिवासी बसवला की दुसऱ्याच प्रश्नाला नळाच्या पाइपाचं भांडण निघे. म्हणून ग्रुपवर सूचना आली: नवीन व्यक्ती पाहिजे, गल्लीत बोलचाल नसल्यास प्राधान्य.

माझी पात्रता निर्विवाद होती. चांदनीहून नुकतीच आलेली, नवरा दिवसभर नेपानगरला कामावर, मांडीवर आठ महिन्यांची लेक. तिला ताप चढला तर कोणाचं दार वाजवायचं, ही एकच चिंता मला पदवीच्या अभ्यासापेक्षा जास्त पाठ होती. या कामातून एखादं दार मिळेल, असा माझा हिशेब.

अध्यक्ष सुधाकरभाऊंनी विचारलं, कोणाला ओळखता? मी म्हटलं, कोणालाच नाही.

“बहोत बढिया. मालिका संपेपर्यंत असंच राहायचं.”

निःपक्षपातीपणासाठी भाजीची वाटी देऊ-घेऊ नये, हळदीकुंकवाला जाऊ नये, अशा अटीही होत्या. वाजवीच म्हणायच्या.

अडचण फक्त आवाजाची. गल्लीत घरोघरी पॉवरलूम. त्यांच्या खडखडाटात मुलाखत कशी होणार? तेव्हा रेकॉर्डिंग वीज बंद असेल तेव्हाच करायचं ठरलं.

शनिवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली. माग थांबले आणि नेहमीच्या पद्धतीप्रमाणे सगळी गल्ली ओट्यांवर आली. शेजारच्या गोदामावशींनी लेकीला माझ्याकडून जवळपास हिसकूनच घेतलं. ती या मांडीवरून त्या मांडीवर फिरू लागली (कोणाचे हात धुतलेले, कोणाचे नाही, यावर माझी नजर होती). कोणी डॉक्टरांची वेळ सांगितली, कोणी दात येताना काय द्यावं ते.

“रातीबेराती काही लागलं त माही कडी वाजव वं माय,” गोदामावशी म्हणाल्या. “लाजू नको.”

तेवढ्यात सुधाकरभाऊ माइक घेऊन आले.

“चला, सगळे अंदर. दारं-खिडक्या लावा. आपुलकीचं रेकॉर्डिंग आहे.”

गल्ली शिस्तीची. क्षणात सामसूम झाली, लेक माझ्याकडे परत आली. समितीने लिहून दिलेला पहिला प्रश्न मी वाचला: गल्लीत पूर्वीसारखं येणंजाणं का राहिलं नाही? सुधाकरभाऊंनी मोबाइलला दोष देत सुंदर उत्तर दिलं. मधेच लेक रडली. गोदामावशींचं दार किलकिलं झालं. भाऊंनी हातानेच ते लावायला सांगितलं.

भाग गाजला. ज्यानं त्यानं आपापल्या घरात, कानात हेडफोन घालून ऐकला आणि ग्रुपवर बदाम टाकले.

भाग आला त्याच संध्याकाळी मी अट मोडली. ताप नव्हता, काही नव्हतं. लेकीला कडेवर घेतलं, वाटीत वांग्याची भाजी घेतली आणि गोदामावशींची कडी वाजवली. दार उघडलं. मावशींच्या कानात नातवाचा हेडफोन होता.

“बस बाई ओट्यावर,” त्या म्हणाल्या. “तुहाच कार्यक्रम ऐकून राहिली. संपू दे.”

मी बसले. तक्रार नाही, भाग चांगलाच झालाय. तुम्हीही हे वाचून होईपर्यंत कोणाला तरी “थांब जरा” म्हणालाच असाल. संपलं बरं का. बघा, ते अजून थांबलेत का.